नगेट्समधलं सोयाबीन शोधताना

आमचं रान सोयाबीनचं, आणि थोरल्या लेकीला सोयाबीनचीच ॲलर्जी. लातूर भागात तिला त्यापासून लांब ठेवणं किती अवघड आहे, ते मलाच माहीत. घरात तेल करडईचं, बेसनसुद्धा घरीच काढते. तरी चिकन नगेट्स खाल्ल्यावर अर्ध्या तासात तिच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी वेळेत सावरलं.

रात्री पाकीट वाचलं. ‘वनस्पती प्रथिने’ एवढंच. कशाची, ते कुठंच नाही. २०२० च्या लेबल नियमांत सोयाबीन ॲलर्जीच्या यादीत आहे, ते वेगळं छापायलाच हवं. माझा संताप झाला.

घरी आयोडीनचे थेंब टाकून पाहिले, निळं-काळं झालं. पण आयोडीन स्टार्च दाखवतं, आणि तो तर वरच्या पावाच्या चुऱ्यात असतो. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांची तपासणी करून घेतली. आकडा आला, उपयोग शून्य. त्या तपासणीत एकूण प्रथिनं काढायला नायट्रोजन मोजून ६.२५ नं गुणतात. तो कोंबडीचा की सोयाबीनचा, हे त्यातून कळतच नाही.

तिथल्या मॅडमनी फोनवर नीट समजावलं. ‘एलायझा चाचणी मागा,’ म्हणाल्या. त्यात सोयाबीनच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वापरतात. प्रथिन असलं की रंग येतो, आणि रंगावरून प्रमाण काढतात. डबाबंद मालासारखं फार तापवलेलं असलं तर प्रथिनाचा आकार बदलतो, प्रतिपिंडांना ते नीट सापडत नाही. तेव्हा पीसीआर नावाच्या दुसऱ्या चाचणीनं सोयाबीनचा डीएनए शोधतात. त्यांनी आणखी एक बजावलं: फोडलेलं पाकीट नको, त्यात घरातलंही काही मिसळलेलं असू शकतं. त्याच बॅचचं सीलबंद पाकीट मिळवलं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवलं.

एलायझात सोयाबीन सापडलं.

मग तक्रार कशी करायची याची चौकशी करताना कळलं की अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे आपल्यालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

परवा दुकानात गेले. ‘दादा, हे पाकीट मी तपासायला देणार आहे,’ असं सांगूनच घेतलं. त्यांनी बिलावर बॅच नंबर लिहून दिला.