छप्पर, पाइप आणि प्रार्थना

इंग्लंडमधल्या बाथ ॲबी या जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर दोन उंच दगडी शिड्या कोरल्या आहेत आणि त्यांवरून देवदूत स्वर्गाकडे चढताहेत. नीट बघितलं तर एखाददुसरा डोकं खाली करून उतरतानाही दिसतो. बिशप ऑलिव्हर किंगला १४९९ च्या सुमारास असं स्वप्न पडलं म्हणून हे चर्च नव्याने उभं राहिलं, असं सांगतात. सगळे पर्यटक शिड्यांचे फोटो काढत होते. मला मात्र जमिनीखालचं बघायचं होतं.

बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. जवळच्या मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, तापतो आणि इथे सुमारे ४६ अंशांचा होऊन वर येतो. रोज अकरा लाख लिटरहून जास्त. रोमन लोकांनी त्यावर स्नानगृहं आणि सुलिस मिनर्व्हा देवीचं मंदिर बांधलं. आंघोळीला गेलेल्यांचे कपडे तेव्हाही चोरीला जात. मग ज्याचा झगा गेला तो शिशाच्या पत्र्यावर चोराला सणसणीत शाप लिहून कुंडात टाकायचा, म्हणजे तक्रार थेट देवीकडे. असे सव्वाशेहून अधिक पत्रे सापडले आहेत. मी ते वाचण्यातच इतका वेळ घालवला की जेवण राहिलं.

स्नानगृहातून बाहेर पडणारं पाणी रोमनांनीच बांधलेल्या मोठ्या गटारातून एव्हन नदीला मिळतं. जवळजवळ दोन हजार वर्षं ही सगळी ऊब नदीत जात होती, आणि शेजारचं चर्च हिवाळ्यात गारठून बसत होतं. तिथे दुसरंही एक दुखणं होतं. फरशीखाली शतकानुशतकं हजारो माणसं पुरलेली, त्यामुळे माती खचून पोकळ्या झालेल्या आणि फरशी बसू लागलेली. दुरुस्तीसाठी ती उखडावीच लागणार होती. मग तेवढ्यात खाली पाइप का घालू नयेत, असा विचार झाला. आता गटारात हीट एक्स्चेंजर बसवले आहेत. झऱ्याचं पाणी चर्चमध्ये येत नाही. त्याची फक्त उष्णता बंद पाइपांमधल्या स्वच्छ पाण्याला मिळते, हीट पंप ती वाढवतो आणि ते पाणी फरशीखालून फिरतं. वर थडग्यांचे जुने कोरीव दगड जिथल्या तिथे परत बसवले आहेत. एका दगडावरची अक्षरं पायांनी झिजून गेली होती. मी वाकून त्यावर तळहात ठेवला. शेजारून जाणाऱ्या स्वयंसेवक बाई म्हणाल्या, "सगळे असंच करतात. हिवाळ्यात या, मग कळेल."

वज्रेश्वरीला मी कितीदा तरी गेलोय. कुंडात उतरायचं, चटका बसला की ओरडायचं, दर्शन घ्यायचं आणि वडापाव खाऊन परतायचं. त्या पाण्याने काही तापवता येईल असं डोक्यातही आलं नव्हतं. अर्थात आपल्याकडे मंदिर तापवायची गरज कुणाला आहे!

बाथहून ब्रिस्टलमार्गे ग्लॉस्टरला गेलो. तिथलं कॅथीड्रल बाथपेक्षा कितीतरी थोरलं आणि जुनं, पाया १०८९ चा. लोक येतात ते ओवऱ्यांमधली पंख्यासारखी पसरलेली दगडी छतं बघायला, किंवा हॅरी पॉटरचं चित्रीकरण इथे झालं म्हणून. मनोऱ्याच्या गोल जिन्यात दम लागतो, आणि उतरणारं कुणी समोर आलं की भिंतीला पाठ चिकटवून उभं राहावं लागतं. पण वर पोचल्यावर खाली मुख्य सभागृहाचं शिशाने मढवलेलं छप्पर आणि त्याच्या दक्षिण उतारावर सौर पॅनेलच्या रांगा दिसतात. २०१६ मध्ये बसवलेली ही दीडशे पॅनेल कठड्याआड असल्यामुळे खालच्या अंगणातून दिसत नाहीत.

तिथे उभं राहिल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. जुनी चर्च पूर्व-पश्चिम बांधायची, कारण वेदी पूर्वेला हवी. त्यामुळे छपराचा एक लांबच्या लांब उतार आपोआप दक्षिणेला येतो आणि इंग्लंडमध्ये ऊन दक्षिणेकडूनच मिळतं. बांधणाऱ्यांच्या मनात वीज असणं शक्यच नाही, पण सोय मात्र झाली. अर्थात हे सगळीकडे गोडीगुलाबीने होत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर पॅनेल लावायची म्हटल्यावर जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसावाल्यांनी बरेच आक्षेप घेतले. शेवटी परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये ४३८ पॅनेल लागली. मला विचाराल तर मी पॅनेलवाल्यांच्या बाजूने आहे. पाचशे वर्षांची इमारत काय त्याने बाटते?

या सगळ्यामागे एक तारीख आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडपुढे, म्हणजे त्यांच्या संसदेपुढे, निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढा भरून काढायचा, असा ठराव आला. मुदत २०४५ ची होती. चर्चेत कुणीतरी उठून ती २०३० करा अशी दुरुस्ती सुचवली आणि ती मंजूर झाली! सोळा हजारांच्या आसपास चर्च, बहुतेक जुनाट, थंडगार आणि वर्गणीवर चालणारी. पुढे मध्यवर्ती निधीतून त्यासाठी १९ कोटी पौंड ठेवले गेले. रक्कम मोठी वाटते, पण सोळा हजारांनी भागून बघा.

ही भागाकाराची बाजू ग्लॉस्टरजवळच्या कॉट्सवोल्ड भागातल्या एका गावात दिसली. नाव देत नाही, कारण तिथले लोक मोकळेपणाने बोलले. सप्टेंबरचा रविवार होता. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक चर्च सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा म्हणून पाळतात. ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा अशा प्रार्थनेचा दिवस ठरवला, तिथून हा काळ सुरू होतो आणि शेवट संत फ्रान्सिसच्या सणाला होतो. माझ्या घरी तेव्हा गणपती बसलेले आणि मी इथे लाकडी बाकावर, वीसेक पिकल्या केसांच्या मंडळींत.

फाटकापाशी पाटी होती: इथलं गवत मुद्दाम वाढवलं आहे. थडग्यांमधली रानफुलं बी धरेपर्यंत कापणी करत नाहीत. आईबापांच्या थडग्यावर फुलं वाहायला येणाऱ्या काहींना हा निव्वळ आळशीपणा वाटतो, आणि त्यावरून गावात चांगलीच जुंपली होती म्हणे. तोडगा असा निघाला की नव्या थडग्यांभोवती कापायचं, जुन्यांभोवती नाही.

प्रार्थनेत आधी कबुली होती. आम्ही गरजेपेक्षा जास्त घेतलं, अशा अर्थाची. मग पूर आलेल्या देशांची नावं एकेक करून घेतली आणि प्रत्येक नावानंतर जरा थांबले. यादीत आपला देशही होता. ते ऐकून बरं वाटलं की अवघडल्यासारखं झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोळशावर जगाची पहिली आगगाडी पळवणाऱ्यांच्या देशात बसून आपल्या पुरासाठी प्रार्थना ऐकायची! पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांवर राग धरावा असंही काही नव्हतं.

नंतर चहा आणि केक. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी मला थेट बॉयलरच्या खोलीत नेलं. तेलावर चालणारं, भलंमोठं धूड. "आठवड्यातून दोन तासांसाठी आम्ही छपरापर्यंतची सगळी हवा तापवतो. माणसं बसतात खाली," त्या म्हणाल्या. आता बाकांवर विजेच्या गरम गाद्या घालायचा विचार आहे. २०२२ पासून चर्चचे नियमही बदललेत. तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर काढून तसाच नवा बसवायचा तर रीतसर परवानगी लागते आणि दुसरे मार्ग तपासले का, याचं उत्तर द्यावं लागतं. भिंतीवर 'इको चर्च' या पर्यावरण योजनेचं ब्राँझचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र होतं. अ रोशा यूके ही संस्था २०१६ पासून ती चालवते. इमारत, जमीन, राहणी, समाजकार्य आणि उपासना, सगळ्यांना गुण असतात. म्हणजे प्रार्थनेलाही गुण! मी हसलो, तर बाई म्हणाल्या, "तेवढ्यातच आम्हाला पैकीच्या पैकी मिळतात. सिल्व्हर अडलंय ते छपरावर, आणि छपरात वटवाघळं आहेत." वटवाघळांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे छपराला हात लावण्याआधी त्यांचाही विचार करावा लागतो.

२०३० पर्यंत जमेल का, असं विचारलं. त्यांनी गाद्यांची तीन कोटेशनं काढून माझ्यापुढे ठेवली आणि भारतात अशा गाद्या स्वस्त मिळतील का, अशी चौकशी केली. आता परत आल्यावर लुधियानाच्या एका दुकानदाराशी माझं बोलणं चालू आहे. प्लगचा प्रश्न आहे, आणि तो म्हणतोय किमान पन्नास तरी घ्या.