शेरा: सुस्थितीत

ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरत होता. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढल्यानं पुणे-बेंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. तो सुरू झाला तसं आम्हाला कामाला जुंपलं. डिप्लोमा करून मी एका कन्सल्टंटकडे नुकताच लागलो होतो. निपाणी-चिकोडी भागातले रस्ते, मोऱ्या, पूल बघायचे, टेप लावायचा, फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. फॉर्म कानडीत. मी मराठी शाळेतला. 'हानी' हा शब्द दोन्हीकडे एकच, एवढाच आधार.

त्या दिवशी आमच्या वाट्याला एक बंधारा आला. गावाचं नाव देत नाही, पण या भागातल्या माणसाला ते लागणारही नाही. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ ही बंधाऱ्यांची नावं पावसाळ्यात एका दमात घ्यायची असतात, कारण ती पाण्याखालीही एकामागोमाग जातात. मुळात हे पाणी अडवायचे बंधारे. पावसाळा संपला की खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पाऊस लागायच्या आधी काढायचे. वरचा स्लॅब मग रहदारीच्या कामी आला. पात्रातच बांधलेला, उंचीला बेताचा. नदी थोडी फुगली की वाट बंद.

गुडघाभर गाळ, खाचांत अडकलेला ऊस, एका पिलरला गुंडाळलेली कुणाची तरी ताडपत्री. खाली उतरून हातोडीनं ठोकून बघितलं. कुठंच पोकळ आवाज नाही. स्लॅबला तडा नाही. जुन्या गवंड्यांचं काम, मनातल्या मनात हात जोडले. फॉर्मात तीन चौकटी होत्या: पूर्ण हानी, अंशतः हानी, सुस्थितीत. मी तिसरीत बरोबरची खूण केली.

काठावर एक म्हातारा उभा होता.

"साहेब, काय मोजालाय?"

"बंधारा बघतोय, आजोबा. चांगला आहे."

"चांगला हाय की. दर साल बुडतोय, पर चांगला हाय." मग पल्याड बोट केलं. "माझ्या म्हशी तिकडं गोठ्यात हुत्या आणि वैरण हिकडं घरात. आठ दिस."

तिकडं कोण होतं विचारलं, तर म्हणाला, भाच्यानं ऊस तोडून घातला. उभा, कोवळा ऊस. त्याची हानी कुठल्या चौकटीत, ते मला त्यानं विचारलं नाही. मीच फॉर्म उलटापालटा करून बघितला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'दरवर्षी पाण्याखाली जातो, उंच पूल हवा.' संध्याकाळी साहेबांनी ते खोडलं. चिडले नाहीत. चहा मागवला आणि समजावलं. आपत्ती निधीतून मोडलेलं पूर्ववत करायला पैसे मिळतात, नवं बांधायला नाही. नवा पूल म्हणजे वेगळं एस्टिमेट, वेगळी मंजुरी, बजेटात तरतूद. इथं मोडलाय काय? जोडरस्ता. मग तोच लिही.

जोडरस्ता वाहून गेला होता, साधारण चारशे मीटर. तेव्हाच्या निकषात ग्रामीण रस्त्याला किलोमीटरला ६० हजार रुपये, राज्य महामार्ग आणि जिल्हा मुख्य रस्त्याला १ लाख. म्हणजे आमच्या वाट्याला २४ हजार. ठेकेदाराचा पोरगा शेजारी बसला होता. त्यात मुरमाचे टिपर किती येतील याचा त्यानं तोंडी हिशेब केला आणि नुसता हसला. वर रोलर कुठनं आणायचा, हे त्यानं विचारलंच नाही.

मला साहेबांचा राग आला नाही, हे आज सांगताना विचित्र वाटतं. रकाना ज्यानं आखला त्यानं हा बंधारा पाहिलेला नसणार. त्याच्या हिशेबात न मोडलेली वस्तू म्हणजे गरज नसलेली वस्तू. तो बंधारा थोडा कच्चा असता, एखादा पिलर कलला असता, तर निदान यादीत तरी लागला असता.

जुलै २०२१ मध्ये यमगर्णीला महामार्ग पुन्हा बंद झाला. तोवर मी ती नोकरी सोडली होती. माहिती देणाऱ्याचा नंबर फॉर्मवर घ्यायचा असे, म्हाताऱ्याचा माझ्या मोबाईलमध्ये राहिला होता. फोन लावला. ओळख द्यायला दोन मिनिटं गेली.

"बंधारा?" मी विचारलं.

"बुडालाय की."

"आणि म्हशी?"

"या खेपेला आधीच हिकडं आणल्यात," तो म्हणाला. "वैरण तिकडं ऱ्हायली."