जादू नंतर, आधी हरिपूरचं पेव

‘सोळा-सतरा वर्षांच्या मुली, अंगात जादू, उन्हाळ्याची सुट्टी, थोडं प्रेम, थोडं रहस्य. अशी गोष्ट सांगलीत घडवायची तर सुरुवात कुठून करायची?’ नव्याने लिहिणारे हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: जादूपासून नको, हरिपूरच्या पेवापासून करा.

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव. इथे हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची रीत. पेवाचं तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तोंड लिंपून बंद केलं की हवा खेळत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच कारणाने पेव उघडल्या उघडल्या आत उतरणारा गुदमरतो. म्हणून आधी तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. तेव्हापासून बंद असलेलं एक पेव ऐन मे महिन्यात कुणीतरी गुपचूप उघडलंय, एवढ्यावर रहस्य उभं राहतं.

आता जादू. शक्ती एकच द्या. तिची हद्द आणि किंमत तिसऱ्या प्रकरणाच्या आत कळू द्या. समजा, नायिकेच्या प्रश्नाला कुणी खोटं उत्तर दिलं की जवळची ज्योत विझते. हद्द: एका रात्रीत एकच प्रश्न. किंमत: दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत तिची वाचा जाते. पेवात कंदील सोडताना ती शेजारच्या मुलाला विचारते, ‘आधी कधी उतरलायस रे आत?’ तो ‘न्हाय’ म्हणतो आणि कंदील विझतो. तिला वाटतं, हा खोटं बोलला. खरं तर ज्योत विझली ती आतल्या कोंडलेल्या हवेने. पेवाची रीत मात्र आज्जीच्या तोंडून आधीच येऊन गेलेली हवी, नाहीतर ती वाचकाची फसवणूक. दुसऱ्या दिवशी तो विचारायला येतो आणि हिला बोलता येत नाही. प्रेमकथेचा जीव याच दिवसात आहे. इथे घाई करू नका.

वशीकरण अजिबात नको. मंत्राने वळवलेल्या मनाला प्रेम म्हणणं मला पटत नाही, आणि नाही म्हणायची सोय गेली की गोष्टीतला ताणही जातो.

चुका होतात त्या चंद्रात. पौर्णिमेला तो सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो, मग रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. त्यामुळे वद्य अष्टमीला रात्री नऊ वाजता चांदण्यात भेट घडवलीत तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. अमावास्या ते अमावास्या एवढा काळ कथेला पुरतो. वळवाची एक संध्याकाळ घ्या, वीज घालवा. आणि मुलींना साताऱ्याला नेलंत तर मे महिन्यात कासला फुलं दाखवू नका. तो बहर पावसाळा सरता सरता येतो.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं. गावाने एखाद्या बाईवर ‘हिनंच करणी केली’ असा आळ घेतला, तर ती कथेतली गंमत नव्हे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर आला. अशा गुन्ह्यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. तेव्हा आळ घेणारा कोण आणि पेवाशी त्याचा काय संबंध, हेच रहस्याचं उत्तर ठेवा. आणि ते मुलींनी पुराव्याने शोधू दे, ज्योतीने नव्हे.