मेजरचं पायताण

मेजर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून पाय बसवून येऊन महिनाच झाला होता. तसे ते हवालदार, पण आमच्याकडं फौजेतल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. गाव शिरोळ तालुक्यात. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला, मेडिकल बोर्ड झालं, नोकरी संपली. बाकावर बसून त्यांनी पँट वर घेतली. "बूट घालून कंटाळलोय. ह्याला पायताण बसतंय काय बघ."

आमच्या घरात तीन पिढ्या चपला बनवतात. त्या दिवशी मात्र माप घ्यायला बसलो आणि हात थांबला. कोल्हापुरी पायात राहते ती अंगठ्यामुळं; चालताना बोटं आपसूक पकड घेतात. रबरी पावलाला ती पकड नाही. पाय उचलला की चप्पल जमिनीवरच राहायची. दुसरी अडचण मेजरनीच समजावली. पाऊल बसवताना ते टाचेच्या ठरावीक उंचीवर जुळवतात आणि त्यांचं बुटाच्या टाचेवर जुळवलं होतं. टाच त्याहून उंच झाली की गुडघा पुढं ढकलला जातो; कमी झाली की मागं रेटतो, सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखं वाटतं. आणि आमची चप्पल तर सपाट!

पहिला जोड फसला. मागून पट्टा लावला, टाच वाढवली, पण कातडं नेहमीचं जाड घेतलं. त्या वजनानं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, खाली ओढायला लागलं. दुसऱ्या जोडाला पातळ कातडं घेतलं, बकल लावलं आणि पावसात घसरू नये म्हणून खाली टायरचा तळ मारला. दोन्ही पायांची उंची फूटपट्टीनं चारदा मोजली. गल्लीत दोन फेऱ्या मारून मेजर परत आले ते हसतच. म्हणाले, "आता देवळात जायला काढता-घालता येईल."

नंतर ते अधूनमधून नुसते बसायला येऊ लागले. नसलेल्या पायाची बोटं रात्री दुखतात, हे मला तेव्हा कळलं. घरच्यांना सांगत नव्हते. आई रडते म्हणून.

एका प्रजासत्ताक दिनाला त्यांचा सत्कार होता, मीही गेलो होतो. स्टेजला सहा पायऱ्या आणि धरायला काहीच नाही. वर शाल घातली, एका हातात नारळ, दुसऱ्यात फ्रेम. उतरायचं कसं, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मी धावत जाऊन नारळ घेतला, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. माणसांचं प्रेम खरं होतं, त्यात मला शंका नाही. पण त्या पायऱ्या आठवल्या की अजून जीव कासावीस होतो.

नोकरीचंही तसंच. फौजी म्हणजे वॉचमन, एवढंच लोकांना सुचतं. एका कारखान्यानं बारा तास उभं राहायची ड्युटी देऊ केली! ज्या माणसानं अठरा वर्षं गाड्यांचे सुटे भाग सांभाळले, त्याला स्टोअरमध्ये घ्यावं हे सुचायला किती वेळ लागावा? मेजर मग खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकून आले. १९१७ साली सुरू झालेली ही संस्था, खास जखमी जवानांना काम शिकवणारी. आता शिरोली एमआयडीसीत स्टोअर बघतात, खुर्चीत बसून.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये पॅरालिम्पिकला पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मेजर त्यांचं नाव फार आदरानं घेतात, आणि मला ती मधली ४६ वर्षं टोचत राहतात.

गेल्या आठवड्यात मेजर परत आले. पायाचा उरलेला भाग हळूहळू बारीक होत जातो, म्हणून पुण्यात सॉकेट बदलून दिलं होतं, पाऊलही नवं. पिशवीतून जुना जोड काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. टायरचा तळ एका बाजूनं झिजला होता.

"टाच परत मोज," म्हणाले. मी फूटपट्टी काढली.