आमची वाटचाल : दाल मिल, छोटा हत्ती आणि विम्याचा कागद

आमच्या दारव्हा तालुक्यात तूर नाही असं शेत शोधावं लागतं. तरी घरात खायची डाळ दुकानातूनच यायची. तूर विकायची पडत्या भावात आणि तिचीच डाळ आणायची चढ्या भावात, हा उलटा व्यवहार मोडायचा म्हणून आम्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल बसवली. मिल माझ्या नावावर आहे. यंत्र भाऊजी बघतात, म्हणजे माझे दीर. हिशोबावर नजर मामाजींची, माझ्या सासऱ्यांची. जानेवारीपासून तूर येऊ लागते. तेल-पाणी लावून ती वाळवायला कडक ऊन लागतं, त्यामुळे उन्हाळा हाच आमचा खरा हंगाम. डाळ विकते, आणि उरलेली चुनी गाई-म्हशीवाले घेऊन जातात.

मिल चालवण्यापेक्षा माल पोचवणं अवघड निघालं. दिग्रस, आर्णी, कारंजा इथल्या दुकानदारांना डाळ वेळेवर हवी असते. सुरुवातीला भाड्याच्या पिकअपवर काम भागवलं. त्या गाडीचा विमा हा तिच्या मालकाचा विषय, तरी आम्ही कागद मागून बघायचो, कारण आमचा हमाल तिच्यात बसायचा. पण तुरीच्या हंगामात भाड्याची गाडी मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं. शेवटी स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं, आणि तिथून घरात विम्याची चर्चा सुरू झाली, धंद्याच्या गाडीला व्यावसायिक विमा लागतोच का?

पहिला प्रस्ताव होता जुन्या व्हॅनचा. बाराशे सीसीची, पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी, मागच्या सीट काढल्या की भरपूर जागा. गावोगावी अशा व्हॅनमधून किराणा फिरतोच. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा, वर्षाला ३,४१६ रुपये. पिवळ्या पाटीच्या, साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये, दोन्हींवर कर वेगळा. एवढी तफावत बघून मामाजींचं मत लगेच व्हॅनकडे झुकलं.

मी पॉलिसीचा नमुना मागवून वाचायला बसले. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने चालवायची नाही. माल न्यायचा नाही, अपवाद फक्त नमुने आणि स्वतःचं सामान. दुचाकीच्या पॉलिसीतही हेच आहे. म्हणजे भाऊजींनी मोटरसायकलवर नमुन्याची पिशवी घेऊन दुकानं फिरली तर चालतं, व्हॅनमध्ये वीस कट्टे टाकले तर चालत नाही. व्यवसायाला व्यावसायिक विमा लागतो का, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. गाडी कुणाची, यावर ते ठरत नाही. तिच्यात काय भरलंय आणि त्याचे पैसे कोण देतंय, यावर ठरतं.

बिनविम्याची गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, असं लोक सांगतात. ते खरंच आहे, पण दंड ही यातली सर्वात लहान गोष्ट. रस्त्यावर एखादा माणूस गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचं वय आणि कमाई बघून भरपाई ठरवतं, तिला वरची मर्यादा नाही. पॉलिसीची अट मोडलेली असेल तर कंपनीने भरलेले पैसेही पुढे मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. आमची मिल विकली तरी एवढे पैसे उभे राहणार नाहीत.

व्हॅनचा विचार सुटला आणि छोटा हत्ती, म्हणजे छोटी मालवाहू गाडी, आली. मग दुसरा वाद. मालवाहू गाडीतही दोन वर्ग आहेत. फक्त स्वतःचा माल नेणार असाल तर त्याच २०२२ च्या दरांत थर्ड पार्टीचे ८,५१० रुपये, लोकांचा माल भाड्याने नेणार असाल तर १६,०४९. मामाजी म्हणाले, "आपली डाळ, आपली गाडी. दुसऱ्याचं कायले न्यायचं?" साडेसात हजारांचा फरक कमी नव्हे, आणि त्यांचं म्हणणं नियमात बसणारं होतं. भाऊजींचं गणित वेगळं. "वहिनी, गाडी यवतमाळहून रिकामी येऊन रायली. डिझल त तेवढंच लागते." येताना कुणाचं सिमेंट, कुणाच्या खताच्या बॅगा आणल्या तर परतीचा खर्च निघतो. पण एकदा भाडं घेतलं की स्वतःच्या मालाची पॉलिसी त्या फेरीला उपयोगाची नाही. परतीचं भाडं अधूनमधून जरी मिळालं तरी साडेसात हजार सहज भरून निघतात, हे मी कागदावर मांडून दाखवलं. मामाजींनी चष्मा लावून आकडे दोनदा तपासले आणि मान हलवली. आम्ही महागडी पॉलिसी घेतली. ज्याला परतीचं भाडं घ्यायचंच नाही, त्याने उगाच जास्त भरू नये, असं माझं आजही मत आहे.

वाढीव गोष्टींत मी हात आखडता घेतला, पण एक कलम आवर्जून घेतलं. व्यावसायिक गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत, गाडी पूर्णच निकामी झाली नसेल तर दिवे, बंपर, मडगार्ड, टायर यांच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी आयएमटी २३ नावाचं कलम जास्त पैसे भरून घ्यावं लागतं. आमच्याकडे रात्री रस्त्यावर रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं आडवी येतात आणि पहिला फटका दिव्यांना, बंपरलाच बसतो. शहरातल्या गाडीवाल्याला हे कलम नको वाटेल, आम्हाला लागतं. पगारी माणसांसाठीचं कलमही घेतलं, ते स्वस्त आहे. गाडी माझ्या नावावर आणि चालवण्याचा परवाना माझ्याकडे नाही, म्हणून मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आम्हाला लागू नव्हता. भाऊजींचा अपघात विमा वेगळा काढला. त्यांच्याकडे हलक्या वाहनाचाच परवाना आहे. तो साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हा घरातली ती धाकधूकही संपली.

गाडीतल्या डाळीला मात्र या पॉलिसीचं संरक्षण नाही. मालाच्या वाहतुकीचा विमा निराळा असतो. जवळच्या फेऱ्यांना आम्ही तो घेत नाही, चांगली ताडपत्री आणि पावसात गाडी न काढणं एवढ्यावर भागतं. लांबचा पूर्ण भरलेला माल असेल तर घेतो.

सगळ्यात जास्त वाईटपणा घ्यावा लागतो तो माणसं न बसवण्यावरून. मालाच्या गाडीत मालासोबत त्याचा मालक किंवा त्याचा माणूस बसू शकतो, १९९४ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तशी सोय आहे. आपला हमालही, सीट असेल तेवढाच. पण नुसता प्रवासी म्हणून मागे बसलेल्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्याचंही तेच, कारण ट्रॅक्टरला सीट एकच, ड्रायव्हरची. आणि आमच्याकडे तर लग्न असलं की गाडी मागायला माणूस दारात उभा. "वऱ्हाडच त न्याचं आहे जी, डिझल आम्ही टाकतो." नात्यातल्या माणसाला नाही म्हणताना जीव कसनुसा होतो. मी सरळ सांगते, भांडी न्या, मंडपाचं सामान न्या, गाडी तुमचीच समजा, माणसांसाठी काळीपिवळी बघा. एक चुलत नणंद त्यावरून वर्षभर बोलली नाही. मिलवर येणाऱ्या बायकांच्या ऑटोचे पैसे आम्ही देतो, मागे कुणी बसायचं नाही.

आता दारव्ह्यात घरपोच डाळ द्यायची मागणी आहे, त्यासाठी मालवाहू तीनचाकी बघतोय. तिचा थर्ड पार्टीचा दर २०२२ च्या यादीत ४,४९२ रुपये होता. चालू दर मागवलाय. मामाजींनी या वेळी पॉलिसीचा नमुना स्वतःच आणायला सांगितलाय, गाडीच्या किमतीच्या आधी.