रजिस्टरात जेवली, ताटावर नाही

दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यातली घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला परततात. मग आम्हा एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबायांच्या, हाती एकदम सातव्या-आठव्या महिन्याच्या बाया येतात, तपासणीच्या कोऱ्या कार्डासकट.

तीही तशीच आली. वजन 39 किलो, हिमोग्लोबिन 8. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घेऊ नको म्हणून बजावलं आणि अंगणवाडीत अमृत आहारासाठी नाव घातलं. 2015 पासून आदिवासी भागात गरोदर बाईला रोज एक चौरस ताट मिळतं.

महिन्याने वजन तेवढंच. पोट मोजलं. आधी लघवीला पाठवायचं, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत टेप धरायची आणि धरताना आकड्यांची बाजू खाली ठेवायची. आकडा दिसला की हात हवा तिथे सरकतो. नव्या मुलींना हे पटतच नाही. मागच्या वेळी 26 सेंटिमीटर होतं, आता 27. डॉक्टर म्हणाले, "तारीख चुकली असेल, यांना पाळी कुठे आठवते!" चुकेना का. या दिवसांत आठवड्याला साधारण सेंटिमीटर वाढतो. चार आठवड्यांत एकच वाढलाय, त्याला तारीख काय करणार? हुज्जत घालून सोनोग्राफीला पाठवलं. बाळ बारीकच निघालं.

मग जेवणाच्या वेळेला न सांगता अंगणवाडीत गेले. सेविका डबा भरून देत होती. ताट तिथेच बसून खायचं असतं, हे तिलाही ठाऊक. बाईच्या मागोमाग घरी गेले. अंडं थोरल्या मुलीच्या हातात, भात-डाळ दोघी पोरींत, हिच्या वाट्याला भाकरीचा तुकडा.

"तू का नाही खात गं?"

"पोरां बघत बसतात ना बाई."

सासू म्हणाली, जास्त खाल्लं की पोर मोठं होऊन अडतं. यावर बोलायला माझ्याकडे पाठ केलेलं भाषण आहे. पहिल्या उत्तरावर नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला अंगणवाडीत बसवून जेवू घातलं. बाळ 2 किलो 100 ग्रॅमचं झालं. आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, "आहाराचा लाभ दिला होता ना?" रजिस्टरात पहिल्या दिवसापासूनच्या सह्या होत्या. पुढची केस.

थोरली आठ वर्षांची. अंगणवाडीचं वय सरलं, आणि भट्टीवरून आल्यापासून ती शाळेत जात नाही, म्हणून तिथली खिचडीही नाही. गुरुजींना दोनदा सांगून आलेय. ते म्हणतात, हजेरीत नाव आहे.