पन्हाळा–पावनखिंड : वाटेवर शब्द कुणाचा?

जुलै लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांना पन्हाळा–पावनखिंडीचे वेध लागतात. बूट कुठले, रेनकोट की पोंचो, यावर रात्र रात्र चर्चा. पण चाळीस माणसं मसाई पठारावर धुक्यात शिरली की शब्द कुणाचा चालणार, हे बहुतेक वेळा ठरलेलंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा ॲडमिन म्हणजे आपोआप मोहीमप्रमुख, असा एक गोड गैरसमज तेवढा असतो.

चाळीस जणांना पाच माणसं लागतात. एक प्रमुख, एक पुढं, एक पिछाडीला, दोघं मध्ये. प्रमुखानं मिरवत पुढं जाऊ नये. मध्ये चालला तर दोन्ही टोकांचे निरोप त्याच्यापर्यंत पोचतात. पुढच्याच्या पुढं कुणी नाही, पिछाडीच्या मागं कुणी नाही. आडबाजूला जायचं असेल तर सॅक वाटेच्या कडेला ठेवून जायचं. ती दिसली की पिछाडीचा थांबतो.

पठारावर माणसांपेक्षा गुरांच्या पायवाटा जास्त. म्हणून फाटा आला की पुढच्यानं मधल्या दोघांपैकी एकाला तिथं उभं करायचं, आणि त्यानं पिछाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. माणसं चुकतात ती इथंच. पावसात उभं राहून कंटाळा येतो, ‘येतील की मागनं’ म्हणत गडी निघतो आणि मागचे दहा-बारा जण गुरांच्या वाटेनं भलतीकडंच उतरतात.

शिट्ट्या फक्त या पाच जणांकडं. एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मिनिटात सहा, मग मिनिटभर गप्प, पुन्हा सहा, हा संकटाचा इशारा. त्याला उत्तर मिनिटात तीन. हौस म्हणून सगळेच फुंकायला लागले तर खऱ्या इशाऱ्याकडं कोण बघणार?

ओढा ओलांडायचा की नाही, हे एकटा प्रमुख ठरवतो. गढूळ पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर थांबायचं, नाहीतर मागं फिरायचं. इथं हात वर करून मतदान घेऊ नये. ज्याला भीती वाटते तो चारचौघांत हात खाली ठेवत नाही. पिछाडीचा मात्र ‘मागचे आता चालणार नाहीत’ म्हणाला, तर प्रमुखानंही ऐकायचंच. मागची अवस्था त्यालाच दिसते.

आपल्याकडची खरी अडचण वयाची. प्रमुख पंचविशीचा, आणि ग्रुपात वाट पाठ असलेले एखादे अण्णा. अण्णा मागनं ओरडतात, ‘अरे, डावीकडनं घे की!’ आणि निम्मी रांग डावीकडं वळते. अण्णांचं बरोबर असलं तरी रांग फुटलीच. त्यांनी जवळ जाऊन हळूच म्हणावं, ‘भावा, ओढ्याला पाणी वाढलंय, वरनं जाऊया काय?’ त्यानं ‘बरं अण्णा’ म्हणावं, नाहीतर ‘नको अण्णा, आज खालनंच’. विषय संपला. उरलेला वाद मुक्कामावर, जेवणं झाल्यावर.

प्रमुखाचाच पाय मुरगळला तर पुढं कोण, ते नाव पन्हाळ्यावर निघतानाच सगळ्यांसमोर सांगावं. तिथंच प्रत्येकाला क्रमांक द्यावा. डोकी मोजू नयेत, माणसं हलतात आणि एकच डोकं दोनदा मोजलं जातं. प्रत्येक थांब्यावर ज्यानं त्यानं आपला क्रमांक ओरडावा. एखादा आला नाही तर पिछाडीचा आणि मधला एक, असे दोघंच मागं जातात. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. रेंज असेल तिथनं ११२ ला फोन प्रमुख करतो, आणि घरच्यांनाही तोच कळवतो.